साप खात नाहीये, काय करू? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच काळजीचे आहेत, म्हणून सगळे एकत्रच घेतोय.

प्रश्न: माझा बॉल पायथन (पाळला जाणारा बिनविषारी छोटा अजगर) नर आहे, वय तीन वर्षं. अडीच महिने झाले, उंदराकडे बघतही नाही. आधी वजन १४५० ग्रॅम होतं, आता १३९० आहे. बाकी रात्री फिरतो, पाणी पितो. खूप टेन्शन आलंय.

पहिलं म्हणजे तुम्ही वजन करताय हे फार छान करताय, कारण त्यामुळेच मला तुम्हाला खात्रीने काहीतरी सांगता येतंय. ६० ग्रॅम म्हणजे साधारण ४ टक्के घट, अडीच महिन्यांत एवढी घट मोठ्या नरासाठी काहीच नाही. बॉल पायथन उपाशी राहण्यासाठी प्रसिद्धच आहेत, त्यातून वयात आलेला नर प्रजननाच्या काळात महिनोन् महिने तोंड फिरवतो आणि मग एक दिवस काही झालंच नाही अशा थाटात खायला लागतो. १० टक्क्यांच्या आसपास घट झाली, म्हणजे तुमच्या केसमध्ये १३०५ वगैरे, किंवा पाठीचा कणा वर आल्यासारखा दिसायला लागला, तर मात्र व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) न्या.

तोपर्यंत टँक तपासा. गरम बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास. आणि हे काचेला चिकटवलेल्या गोल काट्याच्या थर्मामीटरवर बघू नका प्लीज, ते बऱ्याचदा चुकीचं दाखवतात, शिवाय काचेवरचं तापमान आणि साप जिथे बसतो तिथलं तापमान यात बराच फरक असतो. वायरवाला डिजिटल घ्या, त्याचं टोक सापाच्या पोटाखाली येईल तिथे ठेवा. हीट मॅट (टँक गरम ठेवणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, लावली असेल तर ते आजच बदला, भाजलेल्या पोटाचे साप मी बघितलेत आणि ते बघवत नाही.

आणि दर दोन दिवसांनी उंदीर दाखवत असाल तर थांबवा. दोन आठवड्यांतून एकदा विचारा, नाही म्हणाला तर काढून घ्या, विषय संपला.

प्रश्न: नवीन पिल्लू आणून दहा दिवस झाले. रोज ट्राय करतेय, रोज हातात घेऊन सवय पण करतेय, पण खात नाही. आजारी आहे का?

आजारी असेलच असं नाही, घाबरलेलं नक्की आहे. त्याच्या बाजूने बघा ना, जागा बदलली, वास बदलले, आणि रोज एक प्रचंड मोठा प्राणी येऊन त्याला उचलतो. घाबरलेला साप खात नाही, कारण पोट भरलं की त्याला पटकन पळता येत नाही, म्हणून आधी जागा सुरक्षित वाटली पाहिजे.

आजपासून पूर्ण सात दिवस हात लावायचा नाही. फक्त पाणी बदला आणि घाण असेल तर काढा. लपायला दोन जागा द्या, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, आणि त्या घट्ट हव्यात, म्हणजे आत वेटोळं घातलं की पाठ आणि बाजू भिंतीला टेकल्या पाहिजेत. मोठी ऐसपैस गुहा आपल्याला आवडते, त्याला नाही. टँक फार मोकळा वाटत असेल तर खोटी पानं, कागदाचे बोळे, काहीही भरा, आणि तीन बाजूंच्या काचा झाका. सात दिवसांनी संध्याकाळी दिवे मंद करून एकदाच द्या. खाल्लं तरी पुढचे ४८ तास हातात घ्यायचं नाही.

प्रश्न: साप जिवंत उंदीर खायचा, मला फ्रोझनवर (गोठवलेल्या मेलेल्या उंदरांवर) आणायचंय. पण वास घेतो आणि निघून जातो.

फ्रोझनवर आणायचा निर्णय अगदी योग्य आहे. जिवंत उंदीर सापाला चावतो, डोळा जाऊ शकतो, म्हणून जिवंत उंदीर सापासोबत सोडून झोपायला जाणं हे कधीच करू नका.

तुमचा प्रॉब्लेम बहुतेक तापमानाचा आहे. पायथनच्या ओठांवर बारीक खड्डे असतात, त्यातून त्याला उष्णता जाणवते, आणि थंड उंदीर त्याला शिकार वाटतच नाही. रात्रभर फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही) ठेवून वितळू द्या. मग झिपच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात, पोट दाबून बघा, आत कडक लागलं तर अजून थांबा. शेवटी दोनेक मिनिटं जास्त गरम पाण्यात, बाहेरून ३८ ते ४० अंश झाला पाहिजे, डोकं थोडं जास्त गरम चालेल. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो. पुसून कोरडा करा, लांब चिमट्याने कमरेत धरा आणि सापापासून जरा लांब, हळू हलवा.

आता सापाकडे बघा. जीभ भराभर बाहेर येते, मग हळू होते, मान मागे ओढून एस सारखी होते, म्हणजे इंटरेस्ट आहे, तिथे तुम्ही हलणं कमी करा आणि थांबा. डोकं वेटोळ्याखाली घातलं किंवा मागे सरकला तर आज नाही. तोंडाला उंदीर लावून ढोसू नका, त्याने तो उंदरालाच घाबरायला लागतो. काही साप बघत असताना खात नाहीत, त्यांच्यासाठी उंदीर हाईडच्या (लपायच्या जागेच्या) तोंडाशी ठेवून लाइट बंद करा, सकाळी तसाच असेल तर फेकून द्या, परत फ्रीझ करायचा नाही.

प्रश्न: डोळे निळसर झालेत आणि खाणं बंद.

कात टाकायला आलाय. दमटपणा थोडा वाढवा, कात पूर्ण निघाली की दोनतीन दिवसांनी द्या. बाकी काही करायचं नाही.

प्रश्न: कॉर्न स्नेकचं पिल्लू अंड्यातून येऊन तीन आठवडे झाले, एकदाही खाल्लेलं नाही. तोंड उघडून भरवू का?

नका. पहिली कात साधारण सात ते दहा दिवसांनी टाकतं, तोपर्यंत ते अंड्यातल्या बलकावर चालतं, म्हणजे खरा उशीर अजून फार झालेला नाही. पिंकी, म्हणजे उंदराचं बिनकेसाचं नवजात पिल्लू, आणि सापाचं पिल्लू दोन्ही हवेची भोकं असलेल्या छोट्या डब्यात रात्रभर अंधारात ठेवा, यानेच बरीच पिल्लं सुरू होतात. नाही झालं तर पाच दिवसांनी पिंकी स्वच्छ धुवून द्या. मग डोक्याला छोटा छेद देऊन. मग पाळीव गेकोची टाकलेली कात पिंकीला घासून, कारण कॉर्नच्या अनेक पिल्लांना सरड्याचा वास आधी कळतो. जंगली सरडा आणू नका, परजीवी येतात.

जबरदस्तीने भरवणं हा शेवटचा उपाय आहे आणि तो व्हेटच्याच हातचा. नाजूक तोंड आणि अन्ननलिका फाटू शकते, आणि भरवलेलं ताणामुळे बाहेर येतं ते वेगळंच.

प्रश्न: खाल्लं पण तीन दिवसांनी अर्धवट पचलेला उंदीर बाहेर टाकला. लगेच परत देऊ का?

अजिबात नको, न खाण्यापेक्षा हे जास्त गंभीर आहे. उलटताना पोटातलं आम्ल वर येतं, अन्ननलिका भाजते, शरीरातलं पाणी जातं. दोन आठवडे काही देऊ नका, पाणी ठेवा, हात लावू नका. कारण बहुतेक वेळा यातलंच एक असतं: टँक थंड, उंदीर फार मोठा, किंवा खाल्ल्यावर लगेच हाताळणं. नंतर नेहमीच्या अर्ध्या आकाराचा द्या, आणि तो पचल्यावर हळूहळू वाढवा. दुसऱ्यांदा उलटलं तर वाट बघू नका, व्हेटकडे न्या, क्रिप्टोस्पोरिडियमसारखं (हा पोटातला एक सूक्ष्म परजीवी) इन्फेक्शन असू शकतं.

तसंच तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकाशी फेस, हिरड्यांवर पिवळट पनीरसारखा पू, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके (गोचीडवर्गातले बारीक माइट्स) यातलं काहीही उपाशी सापात दिसलं तर त्याच आठवड्यात सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट गाठा. जाताना ताजी विष्ठा झिपच्या पिशवीत, वजनाची वही, आणि टँकचा फोटो दोन्ही बाजूंच्या तापमानासकट न्या.