पहिल्यांदा घर घेताना एजंटसोबत काम कसं करावं?

तुमचा प्रश्न असा की पहिलंच घर घेताय, एजंटशिवाय जमेल असं वाटत नाही, पण त्याच्यावर विसंबायचं किती आणि त्याला काय सांगायचं, काय नाही. माझं सरळ मत सांगते, माहितीसाठी एजंटवर भरपूर विसंबा, पण किंमत किती द्यायची आणि कधी हो म्हणायचं हे दोन निर्णय त्याच्या हातात जाऊ देऊ नका.

कारण त्याला पैसे मिळतात ते व्यवहार झाला की, आणि नाही झाला तर बहुतेक वेळा काहीच नाही, दहा घरं फिरवलेली फुकट जातात. आता समजा कमिशन दोन टक्के आहे, तर तुमच्यासाठी घासाघीस करून किंमत शंभराने खाली आणली की तुमचे शंभर वाचतात पण त्याचे दोन जातात, आणि वर त्यासाठी आठवडाभर फोन करत बसायचं. तो लबाड आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्याच्या जागी कुणीही असता तरी "चांगलं घर आहे, करून टाका" असंच म्हणाला असता. स्टीव्हन लेव्हिट आणि चाड सिव्हर्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी शिकागो भागातल्या जवळपास १ लाख घरविक्रींचा अभ्यास केला होता, २००८ मध्ये छापून आला. त्यात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते सरासरी ९.५ दिवस जास्त थांबतात आणि त्यांना सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळते. म्हणजे थांबण्याचा फायदा त्यांना चांगला माहीत असतो, फक्त गिऱ्हाईकासाठी थांबण्यात त्यांचा स्वतःचा फायदा फार थोडा असतो. हा अभ्यास विकणाऱ्यांच्या बाजूचा आहे पण घेणाऱ्याच्या बाबतीतही गणित तेच, व्यवहार लवकर मिटला की एजंट मोकळा.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा की तुम्ही कोणाच्या बाजूने आहात, माझ्या, मालकाच्या की दोघांच्या? दोन्हीकडून कमिशन घेणार असेल तर ते आधी कळायला हवं, मग तुम्ही त्याला जे बोलाल ते मालकापर्यंत जाणार असं धरूनच बोलायचं. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही आणि चांगल्या एजंटला या प्रश्नाचा राग येत नाही. कमिशन किती, कधी द्यायचं, व्यवहार मोडला तर काय, घर तुम्ही स्वतःच शोधलं तर काय, हे सगळं लेखी घ्या आणि मुदत छोटी ठेवा. अमेरिकेत तर ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक एजंटना घर दाखवायच्या आधीच घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो, ते बरंच झालं असं मला वाटतं. तुमच्याकडे एजंटला सरकारी नोंदणी लागत असेल तर नंबर घेऊन स्वतः तपासा.

बजेट सांगताना लोक इथेच घसरतात. बँकेकडून लोन किती मिळेल हे आधी काढून ठेवा, पण तो आकडा जसाच्या तसा एजंटला देऊ नका, जितक्यापर्यंत घरं बघायची आहेत तेवढाच सांगा. तुम्ही ८० पर्यंत जाऊ शकता हे एकदा कळलं की ७० ची घरं दाखवणं आपोआप कमी होतं. बाकी गरजा मात्र हातचं न राखता सांगा, आईला जिने चढवत नाहीत, घरून काम करता म्हणून एक शांत खोली हवी, अमुक तारखेच्या आत राहायला जायचंय, वगैरे. तारखेचं मात्र एक, घाई आहे हे एजंटला कळू द्या पण मालकाला सांगू नका असं स्पष्ट बजावा, आणि तो दोन्ही बाजूंचा एजंट असेल तर त्यालाही सांगू नका.

घर बघून आल्यावर "बघू, कळवतो" म्हणून गप्प बसू नका हो, त्याने दोघांचाही वेळ जातो. मी त्याच संध्याकाळी मेसेज टाकायचे, "किचन आवडलं, पण बेडरूमच्या खिडकीसमोर लगेच दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आहे, दिवसाही लाईट लावावा लागेल, असलं नको." असे थोडे मेसेज गेल्यावर आमच्या एजंटने नको ती घरं दाखवणंच बंद केलं. आणि त्याला मी नेहमी विचारायचे की या घरात तुम्हाला खटकणारं काय आहे. "घर कसं आहे" विचारलं की "मस्त" हेच उत्तर येतं, खटकणारं विचारलं की माणूस विचार करून बोलतो. एका घरात तो म्हणाला, "मॅडम, थांबा जरा, हे कपाट सरकवू का?" आणि मालकाला विचारून सरकवलं तर मागे छातीएवढ्या उंचीपर्यंत ओल, वरून ताजा रंग मारलेला. त्या दिवशी त्याचं कमिशन गेलं, पण पुढचं घर आम्ही डोळे झाकून नाही पण बऱ्याच निर्धास्तपणे त्याच्याकडूनच घेतलं.

किंमतीच्या बाबतीत अजून एक. मालकाने सांगितलेला आकडा ऐकला की आपलं डोकं त्याच्याभोवतीच फिरायला लागतं, आणि एजंटचंही फिरतं. १९८७ चा एक प्रयोग आहे, नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांचा, त्यात अमेरिकेतल्या टुसॉन शहरातल्या एजंटना एकच घर दाखवलं पण सांगितलेली किंमत वेगवेगळी, तर त्यांनी काढलेली घराची किंमतही त्याप्रमाणे वरखाली झाली, आणि विचारल्यावर बहुतेकांनी आपण तो आकडा फारसा विचारात घेतला नाही असं सांगितलं! त्यामुळे एजंटकडून मागणीचे भाव घेऊ नका, त्याच भागात नुकतीच विकली गेलेली घरं प्रत्यक्षात कितीला गेली ते मागा, आणि घर बघायला जायच्या आधी मागा. हे घर किती दिवस विकायला आहे, आधी कोणाची ऑफर येऊन फिसकटली का, आणि का, हेही विचारा, यातलं बरंचसं त्याला माहीत असतं पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

"दुसरी पार्टी उद्याच टोकन देतेय" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. खरंही असू शकतं. तरी वकिलाने कागद बघितल्याशिवाय आणि घराची तपासणी झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि वकील नि तपासणी करणारा तुम्ही शोधलेला हवा, एजंटने आणलेला नको.

तुमच्याकडूनही दोन गोष्टी पाळा, एकच घर दोन एजंटकडून बघू नका, नंतर कमिशनवरून भांडणं होतात आणि त्यात व्यवहार अडकतो, आणि एजंटने दाखवलेलं घर त्याला डावलून मालकाकडून परस्पर घेऊ नका, त्याने मेहनत केलेली असते. मात्र सांगूनही तो बजेटच्या वरचीच घरं दाखवत राहिला, किंवा खटकणारं विचारलं की विषय बदलत असेल, तर कराराची मुदत संपली की सरळ सांगून दुसरा बघा.