तेरुएलची जुनी गावं एका दिवसात बघून होतात का?

स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाहून गाडीने सकाळी निघून तेरुएल प्रांतातली पाच-सहा जुनी गावं एका दिवसात "कव्हर" होतील का, असं तुम्ही विचारलंय. होतील. आमच्या दादाने तसाच प्लॅन केला होता, म्हणून तर मी लिहायला बसले. पण करू नका.

लेक तेव्हा व्हॅलेन्सियाला शिकत होती, मी आणि दादा-वहिनी तिच्याकडे गेलो होतो. दादाच्या यादीत तेरुएल, अल्बाराथिन, मोरा दे रुबिएलोस, रुबिएलोस दे मोरा, कांताव्हिएखा आणि मिराम्बेल, सगळं रात्री जेवायच्या आत. तेरुएल शहर दीडशे किलोमीटरच्या आत आहे आणि रस्ता उत्तम. तिथले विटांचे मुदेहार, म्हणजे ख्रिस्ती राजवटीतल्या मुस्लिम कारागिरांच्या शैलीतले मनोरे, ज्यात हिरव्या-पांढऱ्या झिलईचे तुकडे बसवलेत, १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. ते आम्ही वीस मिनिटांत उरकले, मान वर करून धड बघितलेही नाहीत.

अल्बाराथिनला मात्र माझा पाय निघेना. गाव डोंगराच्या सोंडेवर, खालून नदीचा वळसा, वर चढत गेलेली तटबंदी. घरं खाली दगडाची आणि वर लाकडी सांगाड्यात जिप्सम भरून केलेली, रंग विटकरी-गुलाबी, कारण तिथल्या जिप्सममध्येच लोहाचा अंश आहे. वरचे मजले इतके पुढे आलेत की समोरासमोरच्या पागोळ्या जवळजवळ टेकतात. एका दारावर पालीच्या आकाराचा लोखंडी ठोका होता. दादानेच तो हातात धरला आणि म्हणाला, आपल्या वाड्याच्या दिंडी-दरवाजाची कडी अशीच जड होती ना गं?

झालं. तिथून आमचं जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

आमचा वाईला वाडा होता. सागवानी खांब, दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती. ओल येते म्हणून दादाने गवंडी बोलावून सगळीकडे सिमेंटचा गिलावा मारून घेतला, मी नको म्हणत होते. ओल आतच कोंडली, चार-पाच पावसाळ्यांत तुळयांची टोकं कुजली, मग "आता धोकादायक झालाय" म्हणून बिल्डरला दिला. दादाचं म्हणणं तेव्हाही हेच आणि त्या गल्लीतही हेच, की राहणारं कोणी नाही तर जपायचं कोणासाठी?

त्याच गल्लीत थोडं वर एक माणूस भिंत दुरुस्त करत होता. घमेल्यात ओंजळभरच जिप्सम कालवायचा, लगेच थापायचा, हाताने सारखं करायचा, कारण ते पटकन धरतं, जास्त कालवून ठेवलं तर वाया. भिंतीला मी हात लावला, कोरडी खडखडीत. दादाला म्हटलं, हे बघ, भिंत ज्या मालाची आहे त्याच मालाने ती दुरुस्त करायची असते. आणि राहणारं कोणी नाही म्हणतोस तर या गावात हजारेक माणसं, अख्ख्या प्रांतात चौरस किलोमीटरला जेमतेम ९. आम्हीही आहोत हे सांगायला इथल्या लोकांना १९९९ मध्ये "तेरुएल एग्झिस्ते", म्हणजे तेरुएल अस्तित्वात आहे, अशी चळवळ काढावी लागली. तरी गावात १९९६ पासून एक प्रतिष्ठान एकेक इमारत हातात घेऊन नीट करतंय, नीट केलेली वापरात ठेवतंय. दादा म्हणाला, पैसा असला की सगळं होतं. दादा-वहिनी गाडी घेऊन पुढे गेले, मी आणि लेक तिथेच राहिलो.

आणि म्हणून सांगते, मुक्काम करा. संध्याकाळी दिवसभराचे टुरिस्ट निघून जातात आणि गाव गावासारखं होतं. सकाळी तटबंदीवर चढा, मग जवळच्या लाल दगडाच्या पाइनच्या जंगलात जा, तिथे खडकांवर प्रागैतिहासिक चित्रं आहेत, बैल अगदी स्पष्ट दिसतो. कांताव्हिएखा-मिराम्बेलला वेगळा दिवस ठेवा, तो रस्ता वळणावळणाचा आहे. मिराम्बेलच्या वेशीवर जुन्या मठाच्या भाजलेल्या मातीच्या जाळ्या आहेत, प्रत्येक जाळीची नक्षी वेगळी. दादाने त्या गाडीतून उतरून पाहिल्या नाहीत, वहिनीने नंतर सांगितलं.

गाडी लागतेच, बस आहेत पण मोजक्या. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो, रस्त्यावर बर्फ असू शकतो. शाकाहारी असाल तर आधी विचारा, तिथलं हॅम प्रसिद्ध आहे आणि ते साध्या भाजीतही घालतात. दादाचं एवढं खरं की सगळीच गावं अशी जपलेली नाहीत, आडवाटेला छप्पर खचलेली घरं दिसतील. तिथेही थांबा. आणि चाकांची बॅग नेऊ नका, अल्बाराथिनच्या गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आणि उभ्या चढाच्या आहेत, गाडी खालीच लावावी लागते.