आजीबरोबर बसून बघण्यासारखे कोकणातले सिनेमे आणि मालिका कोणत्या?

तुमचा प्रश्न असा: मूळ वेंगुर्ल्याचे, वाढलात ठाण्यात, आजी महिनाभर राहायला येतेय, तिच्याबरोबर बघायला कोकणातलं काहीतरी सुचवा, भुताखेतांचं नको, आणि मालवणी कमी असेल तर उत्तम. बाकी सगळं ठीक, पण त्या शेवटच्या अटीसाठी मी लिहायला बसले. बघायचंय आजीबरोबर, आणि आजीचीच भाषा नको?

मी माणगाव खोऱ्यातली, कुडाळ तालुका. समीक्षा हा माझा प्रांत नाही. रात्रीची भांडी झाली की जे लागेल ते बघते आणि आवडलं-नावडलं स्पष्ट सांगते.

पहिलं नाव 'दशावतार'. १२ सप्टेंबर २०२५ला तो लागला तेव्हा आमचा गणपती घरातच होता, आमच्याकडे एकवीस दिवसांचा असतो. मोठे भावजी, जाऊबाई आणि त्यांची दोन्ही मुलं बदलापूरहून आलेली. आये, म्हणजे माझ्या सासूबाई, ७८ वर्षांच्या. थेटरात शेवटचा सिनेमा कधी बघितला ते त्यांना आठवत नव्हतं, पण दशावताराचा, म्हणजे आमच्या जत्रांत रात्री चालणाऱ्या नाटकाचा, सिनेमा म्हटल्यावर कपाटातली ठेवणीतली साडी निघाली. आमच्या ह्यांना गणपतीजवळ ठेवून शेजाऱ्यांच्या ईकोतून आम्ही सहाजण कुडाळला गेलो.

दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे, आणि उभा जन्म दशावतारात काढलेला बाबुली मेस्त्री त्यांनी केलाय. त्यांनी मालवणीत तोंड उघडलं की भावजी आणि पोरं हसायची. विनोद असला तरी, नसला तरी. मुद्दाम नव्हे, मालवणी ऐकू आली की हसायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. एके ठिकाणी म्हातारा गहिवरलेला आणि आमच्या रांगेत खिदळणं चाललेलं. आये वळून नातवाला म्हणाल्या, "हसतंस कित्याक रे? तो रडता हा थंय."

पोरगा गप्प झाला. जरा वेळाने हळूच विचारायला लागला, हे काय म्हणाला, ते काय म्हणाला. आये निम्मं सांगत होत्या, निम्मं बघत होत्या, मागच्या लोकांनी दोनदा शुक् शुक् केलं.

घरी आल्यावर खळ्यात बसून आये त्यांच्या लहानपणच्या जत्रा सांगत राहिल्या. गोणपाट अंथरून रात्र काढायची, आधी गणपती, मग रिद्धी-सिद्धी, मग काळ्या झग्यातला शंकासूर. "तेका बघून मी आवशीच्या पदरात शिरलंय." आख्यानाचं कुठे काही लिहिलेलं नसतं, पेटारा उघडून तोंडाला रंग लावता लावता कोण राजा नि कोण राणी ते ठरतं आणि बोलणं उभ्या उभ्या सुचेल तसं, हे ऐकून नात थक्क झाली. पण आयेंचे निम्मे शब्द तिला कळत नव्हते. जाऊबाई मध्ये बसून अर्थ सांगत होत्या. आजी आणि नातीच्या मध्ये दुभाषी लागतो, हे बघून माझ्या पोटात कालवलं.

भावजींशी हा वाद जुना आहे. मुलं लहानपणी मे महिन्यात इथे आली की आठ दिवसांत मालवणी बोलायला लागायची. परत गेल्यावर ती बोली बंद. का, तर शाळेत हसतील, पुढे मुलाखतीत हेल येईल. मी तेव्हा धाकटी सून, बोलले नाही. माझी मुलगी घरात मालवणी आणि बाहेर प्रमाण मराठी बोलत वाढली, आज बँकेत नोकरीला आहे. काही अडलं नाही तिचं.

हसण्याची सवय लागली कुठून? 'वस्त्रहरण'ला मी दोष देणार नाही. गवाणकरांचं ते नाटक मच्छिंद्र कांबळींनी गाजवलं, त्यात हसायचंच असतं, आणि ते आपल्या माणसांनी आपल्यावर केलेलं हसू आहे. पण नंतरच्या कितीतरी मालिकांनी त्यातला फक्त हेल उचलला आणि गड्याच्या नाहीतर बावळट पाहुण्याच्या तोंडी घातला. 'रात्रीस खेळ चाले' तुम्हाला भुतांमुळे नको, मला ती वेगळ्या कारणाने अर्धी आवडली. २०१६ साली आमच्या जवळच्या आकेरीत तिचं चित्रीकरण सुरू झालं आणि रोज रात्री टीव्हीवर घरातली माणसं मालवणीत भांडायला, घाबरायला लागली. लोकांच्या लक्षात मात्र पांडूचं 'इसारलंय' आणि पुढे अण्णा-शेवंताच राहिले. 'तुंबाड' आजीला दाखवू नका. पाऊस आमच्यासारखाच आहे, पण बाकीचं बघून म्हातारं माणूस झोपायचं नाही.

'नारबाची वाडी' जरूर बघा. मूळ गोष्ट बंगाली नाटकातली, तरी म्हाताऱ्याचा वाडीवरचा जीव आणि त्याच्या मरणाची वाट बघणारा खोत आजीला ओळखीचे वाटतील. पुन्हा प्रभावळकरच. 'किल्ला' गुहागरचा आहे: वडील गेलेला मुलगा, बदली झालेली आई आणि पाऊस. संथ आहे, आजीला डुलकी लागेल, तुम्ही जागे राहा. 'श्वास' शेवटी ठेवा. नातवाचे डोळे जाणार म्हणून ऑपरेशनआधी त्याला जग दाखवून आणणारा आजोबा आहे त्यात. आजीच्या डोळ्यांचं काही चालू असेल तर वगळा.

आता राहिलेलं. कोकण म्हणजे नुसती मालवणी नव्हे, संगमेश्वरी आहे, आगरी आहे. मी माझ्यापुरतं बोलले. आणि भावजी वाईट नाहीत, आयेंच्या औषधांचे पैसे दर महिन्याला तेच पाठवतात.

मालवणी कळत नाही म्हणून सिनेमा टाळू नका. थांबवा, आजीला अर्थ विचारा, पुढे चला. दोन तासांचा सिनेमा चार तास चालला तरी चालेल. आजीची तब्येत साथ देत असेल तर कार्तिकानंतर तिच्या गावच्या जत्रेची तारीख काढा आणि तिला घेऊन या. दशावतार रात्री उशिरा सुरू होतो, चटई आणि जाड शाल घरून आणा.