स्कॅनडिस्क फायलींची लांब नावं खातो का?

प्रश्न: उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. लेथचे प्रोग्राम विंडोज ९८ च्या जुन्या पीसीवर ठेवलेत. लाईट जाऊन आल्यावर एकानं डॉसच्या फ्लॉपीवरून डिस्क तपासली. आता अर्ध्या फायलींची नावं आखूड होऊन मागं ~१, ~२ लागलंय. डिस्क तपासणारं सॉफ्टवेअर लांब नावं खातं का? कुठलं वापरावं?

उत्तर:

आधी त्या पीसीवरचा हात काढा. ज्यानं तपासलं तोच आता "विंडोजमधनं एकदा स्कॅनडिस्क मारतो, बसतंय सगळं जागेवर" म्हणेल (स्कॅनडिस्क म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम). मारू देऊ नका. तुमची नावं बहुतेक अजून डिस्कवर आहेत. ती कायमची पुसायचं काम तोच स्कॅनडिस्क करेल, आणि वर "चूक दुरुस्त झाली" असंही सांगेल. पीसी स्टार्ट मेनूतून नीट बंद करा. बटण दाबून बंद केलात तर पुढच्या वेळी चालू होतानाच स्कॅनडिस्क आपोआप लागतो.

सॉफ्टवेअर नावं खातं का? नावांपेक्षा वयानं मोठं असलेलं खातं. लांब नावं सर्वसामान्यांच्या पीसीवर आली ती ऑगस्ट १९९५ मध्ये, विंडोज ९५ बरोबर. एमएस-डॉस ६.२२ (विंडोज ९५ च्या आधीची पीसीची प्रणाली) आहे १९९४ चं. स्कॅनडिस्क त्याच्याही आधी, १९९३ च्या ६.२ मध्ये आला. जी गोष्ट जन्माला यायची होती ती त्याला कशी ओळखू येणार?

फोल्डरमध्ये प्रत्येक फायलीची ३२ बाइटची एक नोंद असते आणि तिच्यात नावाला ८ अधिक ३ एवढीच जागा. लांब नाव बसवायला विंडोज ९५ नं डॉसच्या डोळ्यांत धूळ फेकली. नावाचे १३-१३ अक्षरांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला ३२ बाइटची वेगळी नोंद दिली. त्या नोंदीवर 'फक्त वाचा', 'लपलेली', 'सिस्टीम' आणि 'डिस्कचं लेबल' या चारही खुणा एकदम लावल्या. अशी विचित्र नोंद दिसली की डॉस तिला ओलांडून पुढं जातो. तुकडे उलट्या क्रमानं असतात, म्हणजे शेवटचा सर्वांत वर, पहिला सर्वांत खाली, आणि त्याला लागून आखूड नावाची खरी नोंद. शेवटच्या तुकड्याच्या क्रमांकात ६४ मिळवलेले असतात, म्हणजे नाव कुठं संपतं ते कळतं. शिवाय प्रत्येक तुकड्यात एक बाइट असतो आखूड नावाच्या ११ अक्षरांच्या बेरजेचा.

लांब नाव आणि फाइल यांच्यातला धागा एवढाच. तुकडा जागेवरून हलला, क्रमांक तुटला किंवा बेरीज जुळली नाही, की विंडोज लांब नाव टाकून देतो आणि आखूड दाखवतो. फायलीतल्या मजकुराला धक्का लागत नाही. नुसत्या डॉसमधून फायलीचं नाव बदललंत तर बेरीज चुकते. फाइल पुसलीत तर खरी नोंद जाते आणि वरचे तुकडे अनाथ होतात. कॉपी केलीत तर फक्त आखूड नाव पलीकडं पोचतं.

आता माझा जुना राग. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीचा पीसी होता, विंडोज ९५, फॅट १६ ची डिस्क (फॅट म्हणजे डिस्कवर फायलींची नोंद ठेवायची जुनी पद्धत). दर शेतकऱ्याच्या पट्टीची एक फाइल, आणि सगळ्या नावांची सुरुवात 'गूळ पट्टी' (इंग्रजी अक्षरांत), पुढं गाव, पुढं माणूस. देखभालीच्या माणसानं ६.२२ च्या फ्लॉपीवरून मशीन चालू केलं, डिस्क तपासली आणि वेग वाढवायला म्हणून त्याच जमान्यातल्या डीफ्रॅगनं (डिस्कवर विखुरलेल्या फायली एकत्र लावणारा प्रोग्राम) फोल्डर नावानुसार लावून घेतले. विंडोजमधून गेला असता तर ९५ नं अडवलं असतं. तिथं 'लॉक' आज्ञा दिल्याशिवाय जुन्या प्रोग्रामला डिस्कवर थेट लिहिता येत नाही. फ्लॉपीवरून आलेल्याला अडवायला कुणी नसतं. नोंदी नावानं लावल्या, तेव्हा लांब नावांचे तुकडे एकीकडं आणि खऱ्या नोंदी दुसरीकडं गेल्या.

आखूड नाव करताना विंडोज ९५ पहिली सहा अक्षरं घेऊन ~१ लावतो. ~९ झालं की पाच अक्षरं आणि ~१०, शंभराच्या पुढं चार अक्षरं आणि ~१००. सुरुवात सगळ्यांची 'गूळ पट्टी', त्यामुळं तीनशेच्या आसपास फायली एकाच तोंडवळ्याच्या झाल्या. कागलच्या शेतकऱ्याची पट्टी कुठली आणि करवीरच्या शेतकऱ्याची कुठली, काही कळायला मार्ग नाही. आणि तो गडी अडत्यालाच सुनावतोय: "लांब नावं ठेवलीत म्हणून झालं. फायलीचं नाव आठ अक्षरांतच ठेवायचं असतंय." अडत्यानं मान हलवली आणि बिल भागवलं. हे मला आजही पटत नाही. विंडोजनं दिलेली सोय गिऱ्हाइकानं वापरली यात त्याचा काय दोष? चूक होती त्या फ्लॉपीची.

नावं परत आली ती केवळ पुढं विंडोजचा स्कॅनडिस्क कुणी चालवला नव्हता म्हणून. फोल्डरच्या सगळ्या ३२ बाइटी नोंदी वाचून काढायच्या. प्रत्येक आखूड नावाची बेरीज करायची: शून्यापासून सुरू करून दर वेळी बेरीज एक बिट उजवीकडं फिरवायची, उजवीकडून पडलेला बिट डाव्या टोकाला लावायचा, मग पुढच्या अक्षराचा कोड मिळवायचा आणि एक बाइटच ठेवायचा. अकराही अक्षरं घ्यायची. मोकळ्या जागा धरायच्या, टिंब धरायचं नाही (ते डिस्कवर लिहिलेलंच नसतं). जी बेरीज येईल ती ज्या तुकड्यांत आहे ते तुकडे क्रमांकानं जोडले की लांब नाव तयार. अडचण एकच, एका बाइटात बेरजा जास्तीत जास्त २५६ बसतात. फायली त्याहून जास्त, म्हणजे काहींची बेरीज सारखी येणारच. तेवढ्या फायली उघडून आतलं नाव बघून लावाव्या लागल्या.

आता तुमच्याकडं वळतो. ती फ्लॉपी कुठली होती ते आधी बघा. तिच्यावरून चालू करून 'व्हर' टाइप केलं की ६.२२ किंवा विंडोज ९८ (४.१०) असं येईल. ९८ च्या फ्लॉपीवरचा स्कॅनडिस्क लांब नावं ओळखतो. त्यातली चूक तो दाखवतो, पण दुरुस्त करत नाही, विंडोजमधला स्कॅनडिस्क चालवा म्हणतो. म्हणजे दोषी तो नसेल. ६.२२ ला फॅट ३२ (त्याच पद्धतीचा नंतरचा प्रकार) दिसतच नाही, तेव्हा त्या फ्लॉपीवर तुमचा सी ड्राइव्ह उघडत असेल तर तो फॅट १६ चा, दोन जीबीच्या आतला आहे.

मग डिस्क काढा. ४० पिनांची आयडीई (जुन्या डिस्कची केबल) ते यूएसबी जोडणी घ्या, चार पिनांचा वेगळा पॉवर असलेली, आणि डिस्कवरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून दुसरा पीसी चालू करा, जुनी डिस्क माउंट न करता (म्हणजे तिच्यातल्या फायली न उघडता) डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामनं तिची पूर्ण प्रत एका फायलीत घ्या आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. एफएससीके डॉट फॅट (fsck.fat, लिनक्समधला फॅट तपासणारा प्रोग्राम) 'एन' पर्यायानं चालवा, तो फक्त बघतो, लिहीत नाही. अनाथ तुकडे आणि न जुळणाऱ्या बेरजा तिथंच दिसतील. 'आर' पर्यायानं चालवलात तर बेरीज चुकलेल्या नावाला तो तीन वाटा देतो: लांब नाव पुसा, आहे तसं ठेवा, किंवा बेरीज सुधारून खालच्या आखूड नावाला चिकटवा. तिसरी वाट मोहाची आहे. डॉसमधून नुसतं नाव बदललं गेलं असेल तर ती बरोबर. नोंदी नावानं लावल्या गेल्या असतील तर तीच एका प्रोग्रामचं नाव दुसऱ्याला चिकटवेल.

नावं परत लागली की यापुढं त्या पीसीवर विंडोज ९८ चा स्वतःचा स्कॅनडिस्क, विंडोजच्या आतून. दुसरं काही नको. त्याच्या 'अॅडव्हान्स्ड'मध्ये एमएस-डॉस मोडमधली नावाची लांबी तपासायची एक खूण आहे. ती लावली की सगळा मार्ग ६६ अक्षरांपुढं गेलेल्या फायलींबद्दल तो तक्रार करतो. तो बिघाड नाही, खूण काढून टाका. एखादं जुनं साधन वापरणं अगदीच भाग असेल, तर विंडोज ९५ च्या सीडीवर एलएफएनबीके नावाचा छोटा प्रोग्राम आहे. तो आधी लांब नावं एका फायलीत काढून ठेवतो आणि काम झाल्यावर परत लावतो. मधल्या काळात फोल्डर हलवलेत तर त्याला नावं लावता येत नाहीत.

आणखी एक, 'जागा आहे तरी फाइल होत नाही' ही बोंब पण लांब नावांचीच. फॅट १६ च्या सी ड्राइव्हवर थेट, कुठल्याही फोल्डरबाहेर, ५१२ नोंदी बसतात आणि १.४४ च्या फ्लॉपीवर २२४. तीस अक्षरी नावाला तीन तुकडे आणि एक खरी नोंद, मिळून चार. म्हणजे फ्लॉपीवर अशा ५६ फायली, लेबल असेल तर ५५. प्रोग्राम फोल्डरमध्ये ठेवा.

हे सगळं फॅटचं. एनटीएफएसचा (नव्या विंडोजमधली नोंद ठेवायची पद्धत) हिशेब वेगळा. आणि डिस्क टकटक करत असेल तर प्रत घेण्याशिवाय काहीच करू नका.

राहता राहिलं तुमचं लेथ. इथं मात्र त्या अडतीवरच्या गड्याला मला अर्धे मार्क द्यावे लागतात. प्रोग्राम मशीनला पाठवणारं सॉफ्टवेअर डॉसचं असेल तर त्याला फक्त आखूड नाव दिसतं, आणि ~१ कुणाला, ~२ कुणाला हे फायली ज्या क्रमानं तयार होतात त्यावर ठरतं. तो फोल्डर विंडोजमध्ये दुसरीकडं कॉपी केलात की क्रम बदलू शकतो. काल ~१ असलेला प्रोग्राम आज ~२ होतो, ऑपरेटर सवयीनं ~१ पाठवतो आणि टूल चकवर (जॉब पकडणारा भाग) आदळतं. म्हणून लेथच्या फायलींना आठ अक्षरांतलीच नावं द्या, ड्रॉइंग नंबर बसतो तेवढ्यात. हिशेबाच्या फायलींना द्या हवी तेवढी लांब. आणि नावं परत लावल्यावर पहिल्या आठवड्यात तरी सायकल स्टार्ट दाबण्याआधी प्रोग्रामच्या सुरुवातीचा 'ओ' नंबर (प्रोग्रामचा क्रमांक) जॉबकार्डाशी ताडून बघायला सांगा.