आवडलं म्हणजे नेमकं कुठे?

प्रिय,

तू ऐकलेल्या इंग्रजी अल्बमवर लिहून पाठवलेली टिपणं वाचली. स्ट्रोक्स, रेडिओहेड, माय ब्लडी व्हॅलेंटाइन, बीच बॉइज हे बँड आणि गायिका लॉर्ड. ऐकण्याची भूक दांडगी आहे आणि एका पंथाला चिकटून न बसण्याचा गुणही आहे. अडचण एकच, पण ती प्रत्येक टिपणात आहे. 'भारी आहे', 'मधे बोअर होतो', 'आवाज नीट रेकॉर्ड झालेला नाही', 'आधीचा अल्बम जास्त चांगला होता'. हे वाचून तुझा मूड कळतो, अल्बम कळत नाही.

यावर उपाय म्हणून संगीतशास्त्राचे क्लास लावायची गरज नाही. सहज ऐकणाऱ्याचं मत मोलाचं असतं, कारण हे अल्बम मुळात त्याच्यासाठीच केलेले असतात. फक्त एक गोष्ट साधायला हवी. जे वाटलं ते रेकॉर्डमध्ये कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. वाचणाऱ्याने तेच गाणं लावलं आणि त्याच मिनिटाला गेला, तर त्याला ती गोष्ट ऐकू यायला हवी. मग तो तुझ्याशी सहमत होवो वा न होवो.

आधी फोनची सेटिंग्ज बघ, कारण निम्मी चुकीची मतं तिथेच तयार होतात. गाणी उलटसुलट क्रमाने लावणारं शफल बंद. एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळणारा क्रॉसफेड बंद. खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारा इक्वलायझर सपाट, 'बास बूस्ट' काढून टाक. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काहीतरी लावणारा ऑटोप्लेही बंद कर, नाहीतर शेवटचं गाणं मनात मुरायच्या आत कुठलं तरी भलतंच सुरू होतं. शफलचा एक तोटा फारसा कुणाला माहीत नसतो. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण −१४ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो, ते मोजायचं एकक) या पातळीवर आणून वाजवतं. अल्बम सलग लावला तर सगळ्या गाण्यांना एकच माप लागतं, म्हणजे हळू गाणं हळूच राहतं आणि मोठं मोठंच. शफलवर किंवा प्लेलिस्टमध्ये तीच गाणी लावली की प्रत्येकाला वेगळं माप लागतं, आणि कुजबुजत गायलेलं गाणं दणदणीत गाण्याच्या बरोबरीने वाजू लागतं. अशा ऐकण्यावरून 'सगळा अल्बम एकसुरी आहे' असं लिहिलं, तर तो दोष अल्बमचा नाही.

फोनच्या स्पीकरवर ऐकून मत द्यायचं नाही. बेस गिटारची सगळ्यात खालची खुली तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. फोनचा चिमुकला स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, तो फक्त तिचे अंशस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे बारीक सूर, ऐकवतो. मग 'गाण्यात दम नाही' असं वाटतं. महागडे हेडफोन घ्यायला सांगत नाही. कानात नीट बसणारे साधे वायरचे इअरफोन पुरतात, फक्त रबरी टोप्या आपल्या कानाच्या मापाच्या हव्यात. टोपी सैल असली की सगळ्यात आधी बास गळतो.

आवाजाची पातळी दर वेळी तीच ठेव. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकताना जी जरा मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटते, फरक अगदी थोडा असला तरी. 'रीमास्टर (जुन्या मुद्रणावर पुन्हा काम करून काढलेली आवृत्ती) खूप सरस आहे' हे मत बहुतेक वेळा 'रीमास्टर मोठ्याने वाजतं' एवढंच असतं. दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून मग तुलना कर.

मत लिहिण्याआधी अल्बम तीनदा ऐक, आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या दिवशी. पहिल्यांदा सलग, हातात काही न घेता, गाण्याचे शब्द न वाचता. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन. कान टवकारला गेला किंवा लक्ष उडालं, की गाण्याचा क्रमांक आणि मिनिट-सेकंद टिपायचं. कारण लिहायचं नाही, फक्त वेळ. तिसऱ्यांदा त्या टिपलेल्या जागांवर जाऊन तिथे काय घडतंय ते शोधायचं. ठेका बदलला? एखादं वाद्य आलं किंवा गेलं? आवाजावरचा प्रतिध्वनी वाढला? गायक एकदम वरच्या पट्टीत गेला? गाण्याचे शब्द तिसऱ्या वेळेला वाच. आधी वाचले की कान आयता अर्थ धरून बसतो आणि सूर दुय्यम होतो.

आता तुझ्याच टिपणांकडे येऊ.

स्ट्रोक्सच्या 'इज धिस इट'बद्दल तू लिहिलंस, 'रेकॉर्डिंग स्वस्तातलं वाटतं, गायकाचा आवाज फोनवरून आल्यासारखा आहे.' निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. २००१ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या एका तळघरातल्या स्टुडिओत निर्माता गॉर्डन राफाएलने हा अल्बम मुद्रित केला. गायक ज्युलियन कासाब्लांकासचा आवाज मुद्दाम पीव्ही कंपनीच्या एका छोट्या, घरी सराव करायच्या अँप्लिफायरमधून काढला होता. म्हणून त्याच्या कडा खरवडलेल्या आहेत आणि खालचा भार गेला आहे. आता पुढचा प्रश्न विचार, कारण तो तुझ्या टिपणात नाही: आवाज असा केल्यामुळे बाकीच्यांना काय मिळालं? जागा मिळाली. पहिलं गाणं, म्हणजे अल्बमच्याच नावाचं, पुन्हा लाव आणि गायकाकडे साफ दुर्लक्ष करून फक्त बेसच्या मागे जा. निकोलाय फ्रेचरचा बेस तिथे नुसता पाया भरत नाही, तो दुसरी चालच गातो. गायकाचा आवाज भरदार आणि गोलसर असता तर ही चाल त्याच्याखाली दबली असती. मग दोन्ही गिटारी ऐक, एकदा डावा इअरफोन काढून आणि एकदा उजवा काढून. ते वाजवणारे निक व्हॅलेन्सी आणि अल्बर्ट हॅमंड ज्युनियर क्वचितच एकच गोष्ट वाजवतात. एक जण ठेका धरतो, दुसरा त्यातल्या फटीत बसतो. ड्रम इतके सरळ आणि कोरडे आहेत की यंत्राचे वाटावेत, पण ते फॅब्रिझिओ मोरेट्टी वाजवतोय. एवढं ऐकल्यावरही तुला आवाज खटकला तर बेलाशक तसं लिही. फक्त 'स्वस्तातलं' हा शब्द टिकणार नाही.

याच अल्बमच्या बाबतीत आवृत्तीही नोंदव. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेत सीडी उशिरा, ऑक्टोबरमध्ये आली आणि तिच्यातून 'न्यूयॉर्क सिटी कॉप्स' काढून 'व्हेन इट स्टार्टेड' घातलं गेलं. मुखपृष्ठही वेगळं होतं. दोघे जण एकाच नावाचा अल्बम ऐकून वाद घालत असतात आणि दोघांच्या हातात वेगवेगळी रेकॉर्ड असते. आणि २०२३च्या जानेवारीत मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हा बँड कसा वाजला, याचा आधार अल्बमच्या मतासाठी घेऊ नकोस. मैदानातला आवाज आणि तळघरातलं मुद्रण ही दोन वेगळी कामं आहेत.

माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या 'लव्हलेस'वरचं टिपण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण तिथे तुझा कान खरोखर गोंधळला आहे. तू लिहिलंस, 'सूर हलतो, बहुधा फाइल खराब आहे. गाणारीचे शब्द एकही कळत नाहीत.' फाइल ठीक आहे. बँडचा गिटारवादक केव्हिन शिल्ड्स गिटारच्या ब्रिजला लावलेली ट्रेमोलोची दांडी, म्हणजे तारांचा ताण कमी-जास्त करणारा दांडा, मुठीत धरूनच तारा छेडतो. त्यामुळे प्रत्येक फटक्याबरोबर सगळा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, किंचित खाली-वर सरकतो. हे हलणं त्या अल्बमचा प्राण आहे. 'गिटारीचे शेकडो थर चढवले आहेत' असं सर्रास लिहिलं जातं, तू ते उचलू नकोस. थर वाटतात त्याहून बरेच कमी आहेत, असं स्वतः शिल्ड्स सांगत आला आहे. ड्रमही बहुतांशी सलग वाजवलेले नाहीत. ड्रमवादक कोल्म ओ किओसॉइग त्या काळात आजारी होता, म्हणून त्याच्याच वादनाचे तुकडे जोडून ठेके तयार केले गेले. ठेका जागच्या जागी फिरतोय असं वाटतं ते यामुळे.

शब्द न कळण्यामागे मात्र आपल्या कानाची सवयही आहे. भावगीत असो वा सिनेमाचं गाणं, आपल्याकडे गायकाचा आवाज सगळ्यांच्या पुढे असतो आणि वाद्यं त्याला साथ करतात. शब्द ऐकू आले नाहीत तर ध्वनिमुद्रकाने काम बिघडवलं, असं आपण धरून चालतो. 'लव्हलेस'मध्ये गायिका बिलिंडा बुचर आणि शिल्ड्स यांचे आवाज गिटारीच्या बरोबरीने, कधी तिच्याही मागे ठेवले आहेत. तिथे आवाज हेही एक वाद्य आहे. म्हणून प्रश्न 'शब्द का कळत नाहीत' हा नसून 'शब्दांशिवाय चाल लक्षात राहते का' हा आहे. अल्बम संपल्यावर अर्ध्या तासाने एखादी चाल गुणगुणता येते का बघ. आली तर मिश्रणाने, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकमेकांत बसवण्याच्या पद्धतीने, काम केलं. नाही आली तर तुझी तक्रार खरी आहे आणि आता ती नीट मांडताही येईल. हा अल्बम मोठ्याने ऐकायचा मोह होतो. बेताने घे. ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित मर्यादा आहे, ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते.

रेडिओहेडचा 'किड ए' मधे बोअर होतो, असं तू म्हणतेस तेव्हा 'मधे' म्हणजे कुठे? माझा अंदाज आहे, पाचवा ट्रॅक. 'ट्रीफिंगर्स'मध्ये गाणं नाही, ड्रम नाहीत, गिटारच्या आवाजावर प्रक्रिया करून बनवलेले नुसते लांबलचक सूर आहेत, साडेतीन मिनिटांहून जास्त. आता त्याच्या आजूबाजूला बघ. तिसऱ्या गाण्यात एकच बेसची ओळ अखंड चालते आणि उत्तरार्धात ब्रास वाद्यांचा ताफा तिच्यावर अक्षरशः कोसळतो. चौथं तारवाद्यांनी भरलेलं, संथ, जड. सहावं, 'ऑप्टिमिस्टिक', सरळ गिटारीवर चालणारं. मधली ती रिकामी जागा काढून चौथ्यावरून थेट सहाव्यावर जा आणि ऐक काय होतं ते. मला ती जागा हवीच वाटते. तुला नको वाटली तर लिही, 'पाचवा ट्रॅक अनावश्यक आहे, कारण चौथ्याचा शेवट स्वतःच पुरेसा शांत आहे.' हे मत झालं. याच अल्बमचं पहिलं गाणं दहा मात्रांच्या आवर्तनात आहे. मनात मोजून बघ. झपतालाचे खंड त्यात शोधू नकोस, ते तसे पडत नाहीत, पण पायाने ताल धरताना सारखं चुकल्यासारखं का होतं ते लगेच कळेल.

लॉर्डच्या 'मेलोड्रामा'बद्दल फार बोलत नाही, ते टिपण बरंच जमलंय. फक्त 'ग्रीन लाइट विचित्र आहे' एवढ्यावर सोडू नकोस. सुरुवातीला जवळपास नुसता पियानो आणि आवाज आहे. मग ध्रुवपदाच्या आधी एकाएकी नाचाचे पियानो-कॉर्ड येतात आणि गाणं जणू दुसऱ्याच पट्टीत शिरतं. सराईत पॉपमध्ये हा सांधा गुळगुळीत करतात, इथे तो उघडा ठेवलाय. विचित्रपणाचं घर ते आहे.

अल्बमचा शेवट कुठे आहे तेही तपासत जा. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' १९६६चा, तेरा गाण्यांचा. शेवटच्या गाण्यानंतर आगगाडी धडधडत जाते, कुत्री भुंकतात आणि अल्बम संपतो. नंतरच्या सीडींवर आणि डिलक्स आवृत्त्यांवर त्यापुढे पर्यायी रेकॉर्डिंग्ज जोडलेली असतात. ती ऐकून 'शेवट रेंगाळतो' म्हणणं अन्यायाचं आहे. मूळ यादी बघायची आणि तिथेच थांबायचं. शिवाय तो अल्बम मूळचा मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. बँडचा संगीतकार ब्रायन विल्सनला एका कानाने जवळपास ऐकू येत नव्हतं आणि त्याने मिश्रण मोनोतच केलं. डाव्या-उजव्या कानांत आवाज वाटलेली स्टिरिओ आवृत्ती १९९०च्या दशकात तयार झाली. दोन्ही ऐक, पण कोणती ऐकलीस ते लिही.

दुसऱ्यांनी दिलेले गुण तिसऱ्या ऐकण्यानंतर वाच, आधी नाही. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने 'किड ए'ला दहापैकी दहा दिले होते. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'ला ६.४ दिले होते, आणि २०२१मध्ये त्यांनीच ते दहावर नेले. लिझ फेअरच्या २००३च्या अल्बमला शून्य दिलं होतं, ते सहा केलं. अल्बम तेच राहिले. म्हणून तूही आकडे देऊ नकोस, निदान सध्या तरी. आकडा दिला की बोट ठेवायचे कष्ट टळतात.

टिपण दीडशे-दोनशे शब्दांचं पुरे. वर आवृत्ती आणि साल. मग दोन जागा, मिनिटासह, जिथे अल्बमने तुला धरलं. एक जागा, जिथे सोडलं. प्रत्येकीत काय वाजतंय ते साध्या मराठीत. 'स्वप्नवत', 'जादुई', 'कातिल' असले शब्द लिहून झाल्यावर खोड आणि वाक्य त्यांच्याशिवाय उभं राहतं का बघ. आधीच्या अल्बमशी तुलना करायचीच असेल तर एकाच बाबतीत कर: ड्रमचा आवाज, गाण्यांची लांबी, शब्दांचा विषय, काहीही, पण एकच.

पुढच्या वेळी नवा अल्बम नको. 'लव्हलेस'च पुन्हा घे, सलग, शफल बंद करून, आणि फक्त पहिल्या गाण्यावर लिहून पाठव. त्यात ड्रमचे चार फटके पडतात आणि गिटारी तुटून पडतात. तिथून सुरुवात कर.

तुझ्या टिपणाची वाट बघते.