वाचकांचे प्रश्न : रात्रीची गस्त आणि तिची वेस

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे गावातील किंवा सोसायटीतील स्वयंसेवी गस्तीविषयी आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील चार प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पोलीस खात्यात नोकरी करताना अशी अनेक दले मी उभी राहताना पाहिली आणि त्यांतील बहुतेक महिन्या-दीड महिन्यात मोडतानाही पाहिली, म्हणून पहिल्या दोन उत्तरांना जागा अधिक लागली आहे.

प्रश्न : आमचे गाव शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. दिवाळीपासून नदीवरील मोटारींच्या केबली आणि दोन रोहित्रांतील तांब्याची तार चोरीला गेली. तरुण मंडळाने रोज रात्री तीस जणांची गस्त सुरू केली. मात्र पंधरा दिवसांनंतर चार-पाच जणच येऊ लागले. गस्त टिकवायची कशी, आणि तिला पोलिसांची मान्यता लागते का? – एक शेतकरी

उत्तर : आधी मान्यतेविषयी. गावकऱ्यांच्या अशा दलाची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मध्येच आहे आणि व्यवहारात त्याला ग्रामसुरक्षा दल म्हणतात. आपल्या पोलीस पाटलांना बरोबर घेऊन बीट अंमलदाराला भेटावे, दलात येऊ इच्छिणाऱ्यांची यादी द्यावी आणि त्या नावांची पडताळणी होऊन पोलीस ठाण्याकडून ओळखपत्रे मिळेपर्यंत धीर धरावा. यादीतील एखाद्यावर मारामारीचे गुन्हे असतील, तर त्याला वगळण्याचा कटू निर्णय गावाने घेण्याऐवजी ठाण्याने घेतलेला बरा. येथे एक घोटाळा नेहमी होतो. दारूबंदी अधिनियमात 2016 साली केलेल्या सुधारणेनुसार स्थापन होणारे ‘ग्रामरक्षक दल’ अवैध दारूविषयी माहिती देण्यासाठी असते; त्याचा चोरीच्या गस्तीशी संबंध नाही. नावे सारखी असल्यामुळे ग्रामसभेत ठराव एकाचा होतो आणि काम दुसऱ्याचे अपेक्षिले जाते.

आता टिकण्याविषयी. रोज तीस माणसे जागवणे हेच आपल्या गस्तीचे दुखणे आहे. दिवसभर राबलेला माणूस लागोपाठ पंधरा रात्री जागू शकत नाही. गावात एकशे वीस घरे आहेत असे धरले आणि रोज चार घरांतून एकेक माणूस बोलावला, तर एका घरावर महिन्यातून एकदाच पाळी येते. ही पाळी टाळायला कोणालाही सबब सापडत नाही. तीस जणांच्या गस्तीत एक जण आला नाही तर कोणाच्या लक्षात येत नाही. चारांतला एक आला नाही तर उरलेले तिघे त्याच्या दारात जाऊन उभे राहतात. पाळीचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा आणि दोन रात्रींच्या मध्ये एक वही हातोहात फिरत ठेवावी. त्या वहीत वेळ, ठिकाण, दिसलेल्या वाहनाचा क्रमांक आणि बंद असलेला दिवा एवढेच लिहावे. वहीत मते लिहू नयेत.

गस्त कोठे घालायची, हा प्रश्न आपण विचारला नाही. पण माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. बहुतेक दले गावठाणातील गल्ल्यांतून शिट्ट्या वाजवत फिरतात, कारण तेथे उजेड असतो आणि मध्यरात्री चहा मिळतो. आपल्याकडील चोर मात्र गावठाणात येतच नाही. तो बंधाऱ्यावर आणि रोहित्रापाशी येतो, आणि वाहिनीत वीज असताना केबल तोडण्याचा धोका तो सहसा पत्करत नाही. शेतीपंपांना थ्री फेज वीज कोणत्या दिवशी दिवसा आणि कोणत्या दिवशी रात्री मिळणार, याचे वेळापत्रक आपल्याला जसे पाठ असते तसेच ते त्यालाही माहीत असते. म्हणून ज्या रात्री नदीकाठची वीज बंद असेल, त्या रात्री गस्त दुप्पट करावी आणि इतर रात्री निम्मी केली तरी चालेल. तांब्याची तार डोक्यावरून नेता येत नाही, तिला टेम्पो किंवा किमान मोटारसायकल लागते. म्हणजे नदीकडून डांबरी रस्त्याला मिळणाऱ्या वाटा किती आहेत ते मोजावे. बहुधा दोन किंवा तीनच निघतील, आणि तेथे बसलेली दोन माणसे गावभर फिरणाऱ्या वीस जणांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. मोटारीचा अनुक्रमांक वहीत टिपून ठेवावा आणि केबलीवर ठरावीक अंतरावर पक्क्या रंगाने आपला गट क्रमांक लिहावा. खूण असलेला माल भंगारवाल्याकडे खपवणे अवघड जाते आणि सापडल्यास तो आपला आहे हे सिद्ध करणे सोपे जाते.

एकदा चोरी झाली ती जागा पुन्हा लुटली जाण्याची शक्यता इतर जागांपेक्षा अधिक असते, हेही ध्यानात ठेवावे. इंग्लंडमधील रॉचडेल शहरात किर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. तेथे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात घरफोड्यांचा उच्छाद झाला होता. घराघरांत नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर होते आणि चोर मीटर फोडून नाणी पळवत. संपूर्ण वसाहतीवर पहारा बसवण्याऐवजी तेथे ते मीटर काढून टाकण्यात आले आणि ज्या घरी चोरी झाली त्याच्या आजूबाजूच्या साधारण सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवण्यास सांगण्यात आले. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे एक चतुर्थांशावर आल्या. आपल्याकडे नाण्यांचे मीटर नाहीत, पण ज्या दोन रोहित्रांतील तार गेली ती रोहित्रे आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या चार-सहा मळेकऱ्यांना मोबाइल उशाशी ठेवायला सांगणे अवघड नाही. अनेक जिल्ह्यांत राबवली जाणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा याच कामाची आहे. एका ठरावीक क्रमांकावर निरोप बोलला की तो गावातील नोंदणी केलेल्या सर्व मोबाइलवर एकाच वेळी कॉलच्या रूपात जातो.

जाता जाता एक आठवण जुन्या व्यवस्थेची. पेशवाईत गावाच्या राखणीची जबाबदारी जागल्याची किंवा रामोशाची असे. चोरी झाली की त्याने चोराचा माग काढत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत जायचे आणि तेथील जागल्याच्या हवाली माग करायचा. ज्या गावात माग संपेल त्या गावाने चोर द्यावा किंवा भरपाई द्यावी, असा रिवाज होता. आज तो रिवाज चालणार नाही. तरीही शेजारच्या तीन गावांच्या गस्तीप्रमुखांचे क्रमांक एकमेकांकडे असणे, हा त्यातला घेण्यासारखा भाग आहे.

प्रश्न : आमच्या गस्तीने मध्यरात्री दोन अनोळखी माणसांना अडवले. त्यांना नीट उत्तरे देता येईनात, म्हणून समाजमंदिरात बसवून ठेवले आणि सकाळी पोलिसांच्या ताब्यात दिले. पोलिसांनी कौतुक करण्याऐवजी आम्हालाच दटावले. आमचे काय चुकले? – ग्रामसुरक्षा दलाचा एक सदस्य, जि. बीड

उत्तर : आपण त्यांना मारले नाही, ही मोठी गोष्ट आहे, परंतु आपले चुकले. ओळखपत्र मिळाल्याने आपण पोलीस होत नाही. दुसऱ्याला पकडण्याचा जो अधिकार कोणत्याही नागरिकाला आहे तेवढाच आपल्याला आहे आणि तो फार अरुंद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार, जो आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा करतो किंवा जो उद्घोषित गुन्हेगार आहे त्यालाच खासगी व्यक्ती पकडू शकते, आणि पकडल्यावर विनाकारण विलंब न करता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. सहा तासांची ही मर्यादा 1 जुलै 2024 पासून लागू झाली. जुन्या संहितेत ती नव्हती. रात्री घरफोडी करताना कोणी सापडला तर हा अधिकार आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची साधी चोरी मात्र पहिल्या वेळेस अदखलपात्र धरली आहे, म्हणजे तेथे हा अधिकार नाही. ‘नीट उत्तरे न देणे’ हा तर मुळात गुन्हाच नाही. परगावच्या माणसाला मध्यरात्री दहा काठ्यांनी घेरले, तर त्याची बोबडी वळणारच. त्याला डांबून ठेवणे हा मात्र गुन्हा आहे, आणि तो आपल्याकडून घडला.

मग काय करायचे? बॅटरीचा प्रकाश टाकावा, कोठे निघालात असे एकदा विचारावे, वाहनाचा क्रमांक टिपावा, 112 वर किंवा पोलीस ठाण्यात कळवावे आणि तो चालू लागला तर अंतर राखून नजर ठेवावी. आपले काम पाहणे आणि कळवणे हे आहे. हे वाक्य गस्तीवरील तरुणांना नामर्दपणाचे वाटते, हे मला ठाऊक आहे. कित्येक बैठकांत मी ते त्यांच्या चेहऱ्यांवर वाचले आहे.

परंतु या राज्यात दोनदा काय घडले ते विसरून चालणार नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांनाही आधी चौकशीसाठी म्हणून ग्रामपंचायतीच्या खोलीतच नेले होते. या खटल्यात 2024 साली सात जणांना जन्मठेप झाली. 16 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या वाहनाचा चालक यांचा असाच बळी गेला. त्या परिसरात चोरांच्या अफवेमुळे गावकरी रात्रीचा पहारा देत होते आणि पोलीस पोहोचल्यावरही जमाव आवरला नाही. गस्तीचे आणि जमावाचे अंतर किती थोडे असते, ते गडचिंचल्याने दाखवले. आपल्या समाजमंदिरातील ते दोघे सकाळपर्यंत सुखरूप राहिले, कारण त्या रात्री गावात अफवा नव्हती. असती तर ‘चोर पकडले’ हा एक निरोप मोबाइलवर फिरताच दारापुढे किती माणसे जमली असती आणि आपण चौघांनी ती कशी थोपवली असती, याचा विचार करून पाहावा.

प्रश्न : पुण्यातील आमच्या सोसायटीचा ‘सजग शेजारी’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यावर रोज भंगारवाले, कुरियरची मुले, फुगे विकणाऱ्या बायका यांची छायाचित्रे ‘यांच्यापासून सावध राहा’ अशा सूचनेसह येतात. मला हे खटकते. पण बोलले की ‘उद्या तुमच्या घरी चोरी झाली तर?’ असे ऐकवतात. – एक गृहिणी

उत्तर : आपल्याला खटकते ते योग्यच आहे. या छायाचित्रांत काय नसते ते पाहावे: कोणतेही कृत्य नसते. कुलूप तोडणारा माणूस, दुसऱ्याच्या गाडीचे दार उघडून पाहणारा माणूस, बंद सदनिकेची घंटा वाजवून पळणारा माणूस ही माहिती झाली; ‘मळकट कपड्यांतल्या दोन बायका’ ही माहिती नव्हे. अशा नोंदींमुळे ज्यांच्यावर संशय घेण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे तेच पुन्हा संशयित ठरतात. ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो शिक्का 1952 साली कायद्याने पुसला, तरी पारधी किंवा कैकाडी बाईला फाटकात अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या नजरेत तो अजून आहे. पूर्वापार गावाची राखण करणाऱ्या रामोशांवरही हाच शिक्का बसला होता, ही या इतिहासातील विचित्र गोष्ट आहे.

गटावर तीन नियम मांडून पाहावेत. छायाचित्र गटावर न टाकता ते आधी सचिवांकडे किंवा थेट पोलिसांकडे पाठवावे. पोस्टमध्ये कृत्य, वेळ आणि ठिकाण असावे. आणि शहानिशा होऊन संशय खोटा ठरला तर तेही गटावर लिहावे. तिसरा नियम सर्वांत कठीण आहे, कारण चूक झाल्याचे जाहीरपणे लिहायला कोणी पुढे येत नाही.

आपल्याला एक प्रतिउदाहरण हाताशी असावे म्हणून सांगतो. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत, तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत प्रतिष्ठितांबरोबर यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, छोटे दुकानदार असे दोन्ही धर्मांचे सामान्य लोक होते, आणि ते ठरावीक काळाने हवालदारासमोर बसून पाण्यापासून भांडणापर्यंत सर्व बोलत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. तेथे संशयिताचे छायाचित्र काढण्याची वेळच आली नाही, कारण ज्याच्यावर संशय घेतला जाऊ शकला असता तोच कमिटीत बसलेला होता. आपल्या सोसायटीत याचा अर्थ अगदी साधा आहे. दूधवाला, इस्त्रीवाला, कचरा नेणारी बाई यांना आपल्या इमारतीतील कोणते घर बंद आहे, कोण परगावी गेले आहे, कोण नवीन आले आहे हे समिती सदस्यांपेक्षा चांगले ठाऊक असते. त्यांची नावे सोसायटीतील किती जणांना माहीत आहेत, हे पुढच्या बैठकीत सहज विचारून पाहा.

प्रश्न : गस्तीऐवजी कॅमेरे बसवले तर पुरेसे नाही का? – एक सोसायटी सचिव, कल्याण

उत्तर : नाही. कॅमेरा घडलेले दाखवतो, थांबवत क्वचितच. बहुतेक यंत्रांत काही दिवसांनी जुने चित्रण पुसून त्यावर नवे साठवले जाते, त्यामुळे चोरी झाल्याचे कळताच त्या वेळेचे चित्रण वेगळे काढून ठेवावे आणि पोलिसांना सुपुर्द करताना ते कोणत्या यंत्रातून, कोणी, केव्हा काढले याचे प्रमाणपत्र द्यावे; त्याशिवाय न्यायालयात अडचण येते. कॅमेऱ्याचे तोंड कोणाच्या खिडकीकडे किंवा दाराच्या आत नाही ना, हेही पाहावे. आणि ज्या वाहनतळात आपण चार कॅमेरे बसवणार आहात, तेथील बंद पडलेले दिवे आधी बदलावेत. काळोखात चार कॅमेरे असले काय आणि नसले काय, सारखेच.