वाणिज्य पदवीधर मुलीसाठी ८५ हजारांचा कोर्स घ्यावा का?

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यातील शेतकरी असून माझी मुलगी यंदा द्वितीय श्रेणीत बी.कॉम. उत्तीर्ण झाली आहे. छत्रपती संभाजीनगर येथील एका खासगी क्लासने सहा महिन्यांच्या ‘डेटा ॲनालिटिक्स’ (माहितीचे विश्लेषण) कोर्ससाठी ८५ हजार रुपये फी सांगितली आहे. नोकरीची हमी आहे आणि बारा बिनव्याजी हप्ते करून देऊ, असे ते फोनवर सांगतात. ३० तारखेपूर्वी प्रवेश घेतल्यास पाच हजारांची सूट आहे. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. घरी संगणक नाही. मुलीकडे मोबाइल आहे. सोयाबीनचे थोडे पैसे हाती आहेत. काय करावे? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण पत्रासोबत क्लासचे माहितीपत्रक जोडले, हे फार बरे केले, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असे छापले असून शेवटच्या पानाच्या तळाशी, चष्मा लावूनही नीट न दिसणाऱ्या अक्षरांत, ‘प्लेसमेंटसाठी सहाय्य केले जाईल’ एवढेच म्हटले आहे. फोनवर दिलेली हमी कागदावर उतरता उतरता सहाय्य झाली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार नोकरीची खोटी हमी देता येत नाही आणि खुलासा हा दाव्याइतक्याच ठळक अक्षरांत छापावा लागतो. तेव्हा हा क्लास शिकवतो कसा, हे मला ठाऊक नसले, तरी जाहिरात कशी करतो ते आपण दोघांनीही पाहिले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, आजच्या घडीला हे पैसे आपण तेथे भरू नयेत.

हप्त्यांविषयी आधी सांगतो, कारण त्यात धोका अधिक आहे. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे क्लासने दिलेली उधारी, असा बहुतेक पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ते एखाद्या वित्तसंस्थेने विद्यार्थ्याच्या किंवा पालकांच्या नावावर दिलेले कर्ज असते. वित्तसंस्था फीची रक्कम क्लासला सुरुवातीलाच देते आणि पुढे दरमहा सुमारे सात हजार रुपये आपल्या बँक खात्यातून आपोआप वळते होत राहतात. मुलीला कोर्स आवडला नाही, शिक्षक बदलले, किंवा क्लासच बंद पडला, तरी हप्ता थांबत नाही. तो चुकला तर सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासात, नोंद होते, आणि उद्या पीककर्जासाठी बँकेत गेल्यावर ती नोंद आपल्यापुढे येऊ शकते. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आलेल्या एका मुलाचा क्लास तिसऱ्या महिन्यात बंद झाला आणि त्याचे वडील पुढचे नऊ महिने हप्ते भरत राहिले. म्हणून फॉर्मवर सही करण्यापूर्वी ‘कर्ज कोणाच्या नावावर आहे?’ हा एकच प्रश्न लेखी विचारावा.

आता मुख्य मुद्दा. आपल्या कन्येने तीन वर्षे जमा-खर्च, ताळेबंद आणि कराचे विषय अभ्यासले आहेत. ते बाजूला ठेवून, ज्या क्षेत्रात अभियंत्यांची रांग लागलेली आहे तेथे सहा महिन्यांच्या बळावर तिला उभे करण्याऐवजी, तिच्या वाणिज्य शाखेला संगणकाची जोड देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आपल्याच तालुक्यात फेरफटका मारून पाहावा. बाजार समितीतील अडत दुकाने, कृषी सेवा केंद्रे, पतसंस्था, गेल्या काही वर्षांत स्थापन झालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, आणि या साऱ्यांची विवरणपत्रे भरणारे दोन-चार कर सल्लागार – यांच्यापैकी प्रत्येकाला हिशेब संगणकावर नेटका ठेवणारे माणूस हवे असते, आणि ते मिळत नाही अशी तक्रार मी नेहमी ऐकतो.

हे काम नेमके काय असते, ते एका उदाहरणाने सांगतो. वस्तू व सेवा कर (जीएसटी) दरमहा भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचे विवरण ११ तारखेपर्यंत द्यावे लागते, १४ तारखेला त्याच्या खरेदीचा ‘२बी’ हा तक्ता पोर्टलवर तयार होतो आणि २० तारखेपर्यंत ‘३बी’ हे विवरणपत्र भरून कर चुकता करावा लागतो. १४ ते २० या आठवड्यात कर सल्लागाराच्या कार्यालयात जी धांदल असते, ती याच जुळवणीची : दुकानदाराने नोंदवलेली खरेदी एका बाजूला, पोर्टलवरील तक्ता दुसऱ्या बाजूला, आणि कोणते बिल कोठे नाही याचा शोध. दुकानदाराने बिल क्रमांक ‘४५’ लिहिलेला असतो, पुरवठादाराने तोच ‘००४५’ असा भरलेला असतो. माणसाला ते एकच बिल दिसते, एक्सेल या तक्त्यांच्या प्रोग्राममधील ‘व्हीलुकअप’ या शोधणाऱ्या सूत्राला मात्र ती दोन निराळी बिले वाटतात. अशा वेळी दोन्ही रकाने एकसारखे कसे करावेत, पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकातील एक अक्षर चुकले असेल तर ते कसे हेरावे आणि उरलेल्या बिलांची यादी पुरवठादाराला कशी पाठवावी, हे ज्या मुलीला येते तिला त्या कार्यालयात परत यायला सांगतात. खरे तर हेही माहितीचे विश्लेषणच आहे. फक्त त्याला कोणी इंग्रजी नाव देऊन ८५ हजार मागत नाही!

हे शिकण्यासाठी पहिली गरज फीची नसून कळफलकाची आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून एक्सेल येत नाही, हे मी अनेक मुलामुलींच्या अनुभवावरून सांगतो. सारे समजल्यासारखे वाटते आणि संगणकासमोर बसल्यावर बोटे अडखळतात. तेव्हा हाती असलेल्या रकमेतून प्रथम एक वापरलेला लॅपटॉप घ्यावा. कंपन्यांनी बदललेले, आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले जुने लॅपटॉप शहरांतून साधारण वीस-बावीस हजारांत मिळतात. दुकानदाराकडून पक्के बिल व किमान तीन महिन्यांची वॉरंटी लिहून घ्यावी, आणि बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच तासभर बसून पाहावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल. गावात वीज जाण्याचे वेळापत्रक आपणास माहीत आहेच.

शिकण्याची साधने स्वस्त आहेत, काही तर फुकट आहेत. पायाभूत ज्ञानासाठी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा २००१ पासून चालू असलेला अभ्यासक्रम तालुक्याच्या गावी, साधारण पाच हजारांच्या आसपास होतो, आणि शासकीय नोकरीत संगणक अर्हता म्हणून तो चालतो. त्याहून कमी खर्चात, स्वतः अभ्यास करून, केंद्र सरकारच्या ‘नायलिट’ या संस्थेची ‘सीसीसी’ ही संगणकाची पायाभूत परीक्षा देता येते. तिचे शुल्क काही शेकड्यांत आहे. या संस्थेचे केंद्र छत्रपती संभाजीनगरातही आहे, त्यामुळे त्या शहरात चौकशीला जाणारच असाल, तर तेथेही एक चक्कर मारावी. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरचे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रत्येक धडा साधारण दहा मिनिटांचा असून पडद्याच्या एका भागात तो चालवायचा आणि दुसऱ्या भागात तेच स्वतः करून पाहायचे, अशी त्यांची रीत आहे. लिब्रेऑफिसही फुकट आहे, आणि त्यातील ‘कॅल्क’ या तक्त्यांच्या प्रोग्रामवर बसलेला हात एक्सेलवर फार अडत नाही.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठीही घाईने मोठा क्लास लावू नये. त्याच्या ‘टॅलीप्राइम’ची शैक्षणिक आवृत्ती परवाना न घेता वापरता येते. तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ अशा मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात, पण शिकण्यासाठी तेवढ्या तारखा पुष्कळ झाल्या. आपल्या शेतीचाच वर्षभराचा हिशेब तिने त्यात मांडावा : बियाणे, खत, फवारणी, मजुरी, हमाली, अडत्याची पट्टी. पाठ्यपुस्तकातील ‘मोहन ट्रेडर्स’चे काल्पनिक व्यवहार सोडवण्यापेक्षा त्यातून ती अधिक शिकेल, आणि आपल्यालाही एखादी गोष्ट नव्याने कळेल.

आपण सामाजिक प्रवर्गाचा उल्लेख केलेला नाही. तो मला विचारायचाही नाही. मात्र अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या राज्य शासनाच्या संस्था संगणक व कौशल्य प्रशिक्षणाच्या विनामूल्य योजना वेळोवेळी जाहीर करतात. आपल्या कन्येला लागू असलेल्या संस्थेचे संकेतस्थळ तिने दर आठवड्याला पाहावे. एमएस-सीआयटीचे पाच हजारही वाचण्याची शक्यता असेल, तर ती सोडू नये.

स्वस्त मार्गाची एक खोट मात्र लपवत नाही. फुकटचा कोर्स अर्धवट सोडण्यास कोणाची परवानगी लागत नाही. क्लासची मोठी फी भरणारा पालक खरे म्हणजे ठरलेली वेळ, हजेरी आणि चुकल्यावर टोकणारा माणूस यांचे पैसे मोजत असतो, आणि ही गरज खोटी नाही. ती आपल्याला घरी भागवावी लागेल. रोज सकाळी दोन तास तिला कोणी पाण्याला, स्वयंपाकाला किंवा शेतात हाक मारणार नाही, एवढी व्यवस्था आपण व तिच्या आईने केली पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या मुलींचे कोर्स अर्धवट राहण्याचे कारण बुद्धी नसते. बहुतेक वेळा ही हाकच असते. आणि टोकणारा माणूस म्हणून, तीन-चार महिन्यांची तयारी झाल्यावर, तिने तालुक्यातील एखाद्या सीए किंवा कर सल्लागाराकडे सुरुवातीला अल्प मानधनावर बसावे. स्वतः तयार केलेला शेतीचा हिशेब आणि जुळवणीचा एक नमुना तक्ता सोबत न्यावा. प्रमाणपत्राआधी ते पाहिले जाईल.

डेटा ॲनालिटिक्स कायमचे सोडून द्या, असे मी म्हणत नाही. वर्षभराने एक्सेलवर तिचा हात बसला आणि गोडी टिकली, तर एसक्यूएल व पायथन या संगणकाच्या भाषा शिकण्यासाठी ‘स्वयम्’ आणि आयआयटींचे ‘एनपीटीईएल’ हे ऑनलाइन मार्ग खुले आहेत. शिकणे विनामूल्य असून शुल्क फक्त प्रमाणपत्र परीक्षेचे, हजार रुपयांच्या आसपास असते. तोपर्यंत तिचे उत्पन्न सुरू झालेले असेल आणि तो निर्णय ती स्वतःच्या पैशाने घेईल. सरकारी नोकरीचा विचार असल्यास टंकलेखन मात्र आत्ताच सुरू करावे; लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते, आणि वेग ही महिनाभरात येणारी गोष्ट नव्हे.

लॅपटॉप, एमएस-सीआयटी, टंकलेखन आणि इंटरनेट धरूनही हा सारा खर्च पस्तीस हजारांच्या आत बसावा. ३० तारखेच्या आधी क्लासचा फोन येईल, बहुधा दोनदा येईल, आणि सूट पाचाची दहा हजारही होईल. तेव्हा त्यांना नोकरीच्या हमीचे आणि फी-परताव्याचे कलम संस्थेच्या शिक्क्यानिशी लिहून पाठवण्यास सांगावे. त्यांनी आधीच काही रक्कम भरून घेतली असेल आणि ती परत देण्यास ते टाळाटाळ करत असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पावती आणि हे माहितीपत्रक त्यासाठी जपून ठेवावे.